शिशाच्या जागी इंजिन: १/६ पायपर कबसाठी फोर-स्ट्रोकची निवड

प्रकरण वरवर साधं होतं. पायपर जे-३ कब या छोट्या विमानाचं १/६ मापाचं, रेडिओवर उडवायचं मॉडेल, पंखांची लांबी १७९ सेंटिमीटर, नाकावर ४६ आकाराचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मेथॅनॉलवर चालणारं, तापलेल्या प्लगने पेटणारं). विमान उडत होतं, सरळ उतरतही होतं. मालक मात्र खूश नव्हते. मैदानावर सगळे त्यांना काका म्हणतात. उभी नोकरी मशिन शॉपमध्ये फिटर म्हणून झालेली, त्यामुळे पत्रा किती जाड आहे हे ते बोटांनीच सांगतात. त्यांची तक्रार एका ओळीची होती: "डोळे मिटले की डास, उघडले की कब. हे कसं चालायचं?"

आवाज हे एक कारण. दुसरं म्हणजे विमान फार पळायचं. अर्ध्या थ्रॉटलच्या खाली आणलं की ओढ एकदम गळायची, वर नेलं की कब कमी आणि शर्यतीचं विमान जास्त वाटायचं. तेव्हा फोर-स्ट्रोक लावायचं हे काकांनी पक्कं केलं होतं आणि कोणतं लावायचं तेही. ओळखीतल्या एकांकडे ९१ आकाराचं वापरलेलं इंजिन पडून होतं. माझं म्हणणं होतं की ७० पुरे. त्यावर काकांचं उत्तर तयार: "अरे, ताकद जास्त झाली तर थ्रॉटल खाली घेईन. कमी पडली तर कुठून आणू?"

हा युक्तिवाद प्रत्येक मैदानावर ऐकू येतो आणि तो अगदीच खोटा नाही. म्हणून वाद घालण्यापेक्षा आम्ही काटा, फूटपट्टी आणि फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर घेऊन बसलो.

विमानाला नेमकं काय हवं

इंजिनाच्या आकड्यापासून सुरुवात केली की माणूस दुकानदाराच्या भाषेत विचार करायला लागतो. ४०, ४६, ७०, ९१ हे आकडे म्हणजे घन इंचाचे शंभरावे भाग. ४६ म्हणजे सुमारे ७.५ सीसी, ७० म्हणजे ११.५ आणि ९१ म्हणजे जवळपास १५ सीसी. टू-स्ट्रोकच्या आकड्याला दीडने गुणलं की फोर-स्ट्रोकचा आकडा मिळतो, असा एक ठोकताळा आहे. तो इथे लावला तर ६९ येतात, म्हणजे ७०. उत्तर बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे हे ठोकताळा सांगत नाही, आणि नाकात किती वजन लागेल याबद्दल तर तो चकार शब्द काढत नाही.

म्हणून आधी विमान. पंखाचं क्षेत्रफळ ४६ चौरस डेसिमीटर, इंधनाशिवाय वजन २.९५ किलो. म्हणजे एका चौरस डेसिमीटरवर ६४ ग्रॅम. एवढ्या भाराला हे विमान ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होणार (पंखांची उचल सुटणार), ४० च्या सुमाराला उतरायला येणार आणि ५५-६० ला छान रमतगमत उडणार. खरी जे-३ तरी काय पळते? ६५ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं कॉन्टिनेंटल इंजिन आणि ताशी १२० किलोमीटरचा रमतगमत वेग. या विमानाचं सगळं सौंदर्य सावकाशीत आहे.

आता प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा. जुन्या इंजिनावर ११×६ होता (व्यास ११ इंच; पिच, म्हणजे एका फेऱ्यात कागदोपत्री पुढे सरकायचं अंतर, ६ इंच) आणि जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटर मिनिटाला सुमारे १२,००० फेऱ्या दाखवत होता. पिच इंचात घ्या, फेऱ्यांनी गुणा, ०.००१५२४ ने गुणा, की ताशी किलोमीटरमध्ये पिचचा वेग मिळतो. इथे तो ११० येतो. ६० च्या आसपास उडवायच्या विमानाला ११० चा गिअर लावलेला होता, म्हणून ते पळत होतं आणि खालच्या थ्रॉटलला गळत होतं.

७० च्या फोर-स्ट्रोकवर १३×६ बसतो आणि ९,२०० च्या आसपास फिरतो. पिचचा वेग ८४. आणि खरी गंमत पुढे आहे. प्रॉप फिरवायला लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने आणि फेऱ्यांच्या घनाने वाढते. थ्रस्ट, म्हणजे ओढ, व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो पण फेऱ्यांच्या मात्र वर्गानेच. पिच दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तो हिशेबातून निघून जातो. ११ आणि १३ इंच, १२,००० आणि ९,२०० हे आकडे टाकून पाहा: मोठ्या प्रॉपला सुमारे १२ टक्के कमी शक्ती लागते आणि तो जवळपास १५ टक्के जास्त ओढतो. हिशेब ढोबळ आहे, प्रॉपच्या पात्याचा आकार त्यात धरलेला नाही, पण दिशा पक्की आहे. फोर-स्ट्रोक "जास्त ताकदवान" असतं असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा हेच जाणवलेलं असतं. ताकद कमी असूनही ओढ जास्त, कारण ते मोठा प्रॉप सावकाश फिरवू शकतं.

"मग मोठा प्रॉप जुन्याच इंजिनाला लाव की," काका म्हणाले. प्रश्न रास्त होता, आणि इंजिन बदलण्याआधी प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा. १३×६ त्या ४६ ला झेपला नसता. टू-स्ट्रोकचे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची भोकं) वरच्या फेऱ्यांसाठी कापलेले असतात. ९,००० ला दाबून धरलं की ते तापतं आणि कुंथतं. १२×४ मात्र झेपतो, आणि तो आम्ही लावून उडवला. फेऱ्या १२,२०० च्या आसपास, पिचचा वेग ७४. चढण सुधारली, पळ कमी झाला. इथेच प्रकरण मिटलं असतं, पण आवाज वाढला. कारण साधं आहे: ११ इंची प्रॉपचं टोक सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने फिरत होतं, १२ इंचीचं १९५ ला गेलं. प्रॉपचा किंचाळा टोकाच्या वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. ७० वर १३ इंची प्रॉपचं टोक १५९ लाच राहतं. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये इंधन प्रत्येक फेऱ्याला पेटतं, म्हणजे १२,००० ला सेकंदाला २०० वेळा. फोर-स्ट्रोक एकाआड एक फेऱ्याला, म्हणजे ९,२०० ला सुमारे ७७ वेळा. डास आणि घरघर यांतला फरक तो हाच.

ज्यांना फक्त सावकाश उडायचं आहे आणि आवाजाचं काही नाही, त्यांनी १२×४ वर थांबावं. इंजिन बदलण्यापेक्षा प्रॉप बदलणं कधीही सोपं.

नाकातलं शिसं

कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. मॉडेल बांधताना शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात तीन-चार ग्रॅम भरावे लागतात. काकांच्या विमानातही फायरवॉलला (इंजिन ज्यावर बसतं त्या आडव्या फळीला) १८० ग्रॅम शिसं स्क्रूने आवळलेलं होतं. निवडीचा निकाल खरं तर या शिशाने लावला.

मापं अशी. सी.जी. पासून (विमानाच्या गुरुत्वमध्यापासून) फायरवॉल २२ सेंटिमीटर पुढे, जुन्या इंजिनाचा वजनाचा मध्य २९ सेंटिमीटर पुढे. मफलरसकट इंजिन ४९० ग्रॅम. ४९० गुणिले २९ म्हणजे १४,२१०. शिशाचे १८० गुणिले २२ म्हणजे ३,९६०. नाकाकडे एकूण १८,१७० ग्रॅम-सेंटिमीटर लागतात. नवीन इंजिन कोणतंही येवो, ही बेरीज जुळायलाच हवी.

समोर तीन पर्याय होते. काकांचं ९१, मफलरसह ६८० ग्रॅम. एक जुन्या धाटणीचं दणकट ७०, मफलरसह ६१०. आणि एक हलक्या बांधणीचं ७२, मफलरसह ५१०. कागदावर ७२ उठून दिसत होतं: आकार थोडा मोठा आणि वजन १०० ग्रॅम कमी. फोर-स्ट्रोकमध्ये कार्ब्युरेटर सिलिंडरच्या मागे असतो, त्याला जागा द्यायची म्हणून इंजिन जरा पुढे बसतं. वजनाचा मध्य तिघांचाही ३० सेंटिमीटरवर धरला.

७० चे ६१० गुणिले ३० म्हणजे १८,३००. शिसं शून्य, बॅलन्स जवळजवळ जसाच्या तसा. ७२ चे १५,३००. उरलेल्या २,८७० साठी फायरवॉलला १३० ग्रॅम शिसं हवं. म्हणजे इंजिन आणि शिसं मिळून ६४०. हलकं इंजिन घेतलं तर विमान ३० ग्रॅमने जड! काकांनी हा आकडा दोनदा तपासला आणि मग हसले. लांब नाकाच्या विमानात हाच हिशेब उलटा फिरेल. तिथे जड इंजिन लावून शेपटीत शिसं भरण्याची वेळ येते. म्हणून "हलकं ते चांगलं" किंवा "जड ते टिकाऊ" असली वाक्यं विमान समोर ठेवल्याशिवाय बोलूच नयेत.

९१ चं काय? २०,४०० होतात, म्हणजे २,२०० ने नाक जड. पण रिसीव्हरची १०० ग्रॅमची बॅटरी २२ सेंटिमीटर मागे सरकवली की तेही जुळतं. वजनाच्या मुद्द्यावर ९१ ला नाकारता येत नव्हतं, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही.

त्याच्या विरोधातली कारणं वेगळी होती. १३×६ लावून ७० ची जागेवरची ओढ विमानाच्या वजनाच्या आसपास येते. खऱ्या कबकडे याच्या जवळपासही काही नसतं. ९१ ला १४ किंवा १५ इंची प्रॉप लागतो. त्याने ओढ आणखी तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्तच वाढते, आणि मग सगळी फ्लाइट खालच्या तिसऱ्या भागातल्या थ्रॉटलवर काढावी लागते. ग्लो इंजिनाला ते मानवत नाही. प्लग थंड पडतो, न जळलेलं तेल साचतं, आणि उतरताना चूक सावरायला थ्रॉटल उघडला की इंजिन क्षणभर अडखळतं. नेमका तोच क्षण महागात पडतो. "थ्रॉटल खाली घेईन" हे वाक्य पेट्रोलच्या गाडीवर खरं आहे, ग्लो प्लगवर अर्धवट खरं. दुसरं, १५ सीसीच्या एका पिस्टनचे हादरे आणि ही फायरवॉल ४० वर्गाच्या इंजिनासाठी चिकटवलेली. तिसरं दिसण्याचं: खऱ्या जे-३ चा प्रॉप साधारण सहा फुटी, म्हणजे १/६ मापात १२ इंच. १३ इंच खपून जातो. १५ इंची प्रॉप त्या इवल्या नाकावर पंखा लटकवल्यासारखा दिसतो.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवला नाही. वायएस कंपनीची इंजिनं क्रँककेसमधून दाब देऊन सिलिंडर भरतात. एरोबॅटिक्सला अप्रतिम, इथे अनाठायी. छोटी पेट्रोल फोर-स्ट्रोक आता ११-१४ सीसीतही मिळतात, इंधन कमी पितात, विमानावर चिकट तेल कमी उडवतात, आणि त्यांचं इग्निशन नाकात ठेवलं की शिशाचंही काम करतं. पण एवढ्या लहान आकारात पेट्रोलची नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई) फार नाजूक, आणि काकांकडे ग्लोचं सगळं सामान होतंच.

वापरलेलं इंजिन तपासताना

दोन ७० पाहायला मिळाली, दोन्ही वापरलेली. १९७६ साली ओ.एस. या जपानी कंपनीने एफएस-६० हे इंजिन बाजारात आणल्यापासून जपानी फोर-स्ट्रोक इतकी टिकाऊ बनत आली आहेत की जुनं घ्यायला घाबरू नये. फक्त कान आणि बोटं वापरावीत.

पहिलं इंजिन चकचकीत होतं. काकांनी प्रॉप लावून ते कॉम्प्रेशनवर आणलं आणि दाब तसाच धरून ठेवला. सगळे गप्प. मफलरच्या तोंडातून बारीक फुस्स ऐकू आली. ही हवा कुठून निघते त्यावर निदान: मफलरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, क्रँककेसच्या ब्रीदर नळीतून आली तर पिस्टनची रिंग. रिंगेतून थोडी हवा जाणं ठीक, किंबहुना जायलाच हवी, कारण फोर-स्ट्रोकच्या कॅमला आणि बेअरिंगांना तेल पोचतं ते रिंगेच्या कडेने खाली झिरपणाऱ्या इंधनातूनच. व्हॉल्व्हमधून मात्र नको. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांचे स्क्रू) अगदी आवळले गेल्यानेही व्हॉल्व्ह उघडा राहतो, म्हणून गॅप मोजला. तो ठीक निघाला, फुस्स तशीच. म्हणजे व्हॉल्व्हची सीटच जळालेली. ते परत केलं.

दुसरं दिसायला कळकट, एरंडेलाच्या तेलाने भाजून तपकिरी झालेलं. कॉम्प्रेशनवर धरलं तर स्प्रिंगसारखं परत उसळत होतं. प्लग काढून क्रँक दोन बोटांनी सावकाश फिरवला, तेव्हा मागच्या बेअरिंगला बारीक खरखर लागली. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, नायट्रोचे जळके अवशेष आम्लधर्मी असतात, आणि फ्लाइटनंतर टाकी रिकामी न करता इंजिन ठेवून दिलं की पहिला बळी मागच्या बेअरिंगचा जातो. व्हॉल्व्हची सीट दुरुस्त करणं कटकटीचं. बेअरिंग बदलणं फिटर माणसाला एका दुपारचं काम. कळकट इंजिन घेतलं. काकांनी क्रँककेस गरम करून जुनी बेअरिंग ठोकून पाडली, नवी बसवली आणि कॅमची खूण जुळवून घेतली. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, एक दात इकडेतिकडे झाला तरी इंजिन धड चालत नाही, म्हणून उघडण्याआधीच त्यांनी गिअरवर स्वतःची खूण केली होती.

टॅपेट थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना लावले: ०.०४ मिलिमीटरची पट्टी सरकली पाहिजे, ०.१० ची अडली पाहिजे.

बसवणं आणि उडवणं

इंजिन आडवं बसवलं. कबच्या नाकातून दोन्ही बाजूंना सिलिंडर बाहेर डोकावतात, त्यामुळे उजवीकडे खऱ्या इंजिनाचं डोकं आलं आणि डावीकडे नकली सिलिंडर राहिले. आडवं बसवल्याचा आणखी एक फायदा: कार्ब्युरेटरचा जेट थ्रस्ट लाइनच्या (प्रॉपच्या अक्षाच्या) उंचीला येतो, टाकीचा मध्य त्याच्या बरोबर किंवा किंचित खाली ठेवणं सोपं जातं. फोर-स्ट्रोकच्या मफलरमधून टाकीला मिळणारा दाब कमी असतो, म्हणून टाकीची उंची चुकली तर नाक वर केल्यावर इंजिन उपाशी राहतं. टाकी जुनीच, स्पंजात गुंडाळून एक खाच वर.

प्रॉपच्या नटाबद्दल मात्र मी कटकट केली. फोर-स्ट्रोक लीन झालं (इंधन कमी पडलं) की अवेळी पेट घेऊन उलटा झटका देतं आणि प्रॉप सुटून उडू शकतो. दुहेरी लॉकनट लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही आणि प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. इंधन १० टक्के नायट्रोमिथेन आणि १८ टक्के तेलाचं, प्लग फोर-स्ट्रोकसाठीचा ‘एफ’ प्रकारचा.

नीडल लावायची रीत: पूर्ण थ्रॉटलला फेऱ्या शिखरावर न्यायच्या, मग नीडल उघडून २००-३०० ने खाली आणायच्या. मग विमानाचं नाक उभं आकाशाकडे धरायचं. फेऱ्या पडल्या तर अजून रिच करायचं, म्हणजे इंधन वाढवायचं. काकांना टू-स्ट्रोकची सवय, त्यांचा हात शिखराकडेच जायचा. "अजून शंभर आहेत रे त्यात," म्हणायचे. "असू द्या काका, आत राहू द्या."

विमान आता २.८९ किलोचं झालं होतं. टेकऑफला पहिल्यांदा फरक दिसला तो डावीकडच्या ओढीत. मोठ्या प्रॉपमुळे उजवा रडर आधीपेक्षा लवकर आणि जास्त द्यावा लागला. थ्रॉटल हळू उघडला की तेही सौम्य होतं. वर गेल्यावर अर्ध्या थ्रॉटलला विमान जिथे होतं तिथेच तरंगत राहिलं, आणि खाली आणलं तरी ओढ शेवटपर्यंत हाताला लागत होती. उतरताना २,३०० फेऱ्यांच्या आयडलला (थ्रॉटल पूर्ण खाली असताना) पिचचा वेग जेमतेम २१ येतो. ४० ने येणाऱ्या विमानाला तो मोठा प्रॉप चक्क ब्रेक लावतो. जुन्या प्रॉपबरोबर कब धावपट्टीवर तरंगत निघून जायची, आता अप्रोच थोडा उंचावरून आणि थोडा जास्त थ्रॉटल ठेवून करावा लागतो. ही सवय लागायला काकांना वेळ लागला.

उणंही सांगायला हवं. टू-स्ट्रोकच्या मानाने हे इंजिन जास्त निगा मागतं. दर फ्लाइटच्या दिवसाअखेर इंधन बंद करून ते कोरडं होईपर्यंत चालवायचं आणि ब्रीदरमधूनही तेलाचे थेंब सोडायचे. सुरुवातीच्या रिच टाक्यांनंतर टॅपेट पुन्हा मोजले तर एक्झॉस्टची ०.०४ ची पट्टी अडकत होती; सैल करून घेतला. आडव्या इंजिनात आयडलला प्लग भिजून विझतो का, म्हणून विमानातच प्लग तापवणारं सर्किट बसवायचा काकांचा बेत होता. आयडल स्थिर लागल्यावर तो बाजूला पडला. ते सर्किट आणि त्याची बॅटरी लावायची झाली तर नाकात वजन पुन्हा वाढेल आणि रिसीव्हरची बॅटरी मागे सरकवावी लागेल. त्यासाठी फ्युजलाजमध्ये खूण मात्र त्यांनी करून ठेवली आहे.